वाढदिवसाच्या पताका: रद्दीच्या की जुन्या साडीच्या?

5 मीटर माळेला 15 सेंटिमीटर रुंद, 20 सेंटिमीटर लांब असे 25 त्रिकोण लागतात, मध्ये 5 सेंटिमीटर जागा सोडून. दुमडायला वर 2 सेंटिमीटर जादा ठेवा. टोकं बांधायची असल्याने सुतळी 6 मीटर घ्या.

रद्दीचं काम झटपट होतं, आणि मुलांना रंगवायला कागदच बरा. 2 चमचे मैदा 1 कप पाण्यात गुठळ्या मोडून शिजवा, गार करून दुमडीला पातळ थर लावा आणि सुतळीवर चिकटवा. खळ पाणचट राहिली की कागद सुरकुततो. जाड थर ओला राहिला की बुरशी धरते. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत कागद मऊ पडतो आणि पंख्याखाली दुमडीपाशी फाटतो. शाई हाताला लागते, त्यामुळे खाऊच्या टेबलावर या पताका नकोतच.

सुती साडीला वेळ लागतो, पण ती धुऊन दरवर्षी वापरता येते. त्रिकोणाची वरची बाजू काठावर घ्या, तिथले धागे सुटत नाहीत. तिरक्या कडा नागमोडी कात्रीने कापा, वरची बाजू सुतळीवर दुमडून धावदोरा घाला. जॉर्जेट कात्रीखाली सरकतं, ते टाळाच.

जून ते सप्टेंबरमधला वाढदिवस असेल तर साडीच घ्यावी.