उठावदार त्रिकोण की ब्रेल, बोटाला नक्की काय कळायला हवं?

युरोपात ड्रेन क्लीनरची बाटली हातात घेतली ना की तळाजवळ बोटाला एक उठावदार त्रिकोण लागतो, न दिसणाऱ्यांना धोका कळावा म्हणून दिलेला, साधारण 18 मिमी बाजूचा, बाटली लहान असली तर 9 चा आणि अगदीच चिमुकली असली तर नुसते तीन ठिपके, आयएसओ 11683 या आंतरराष्ट्रीय मानकामधे हे सगळं ठरवून दिलंय. अर्थ एकच, आत घातक काहीतरी आहे, जपून. पण नक्की काय ते कळत नाही, ॲसिड की टर्पेंटाइन, तिथेच तो कमी पडतो.

ब्रेल मात्र नाव सांगतं. तिकडे 2004 च्या कायदादुरुस्तीमुळे औषधाच्या खोक्यावर ब्रेलमधे नाव द्यावंच लागतं. भारी आहे, पण बहुतेक वेळा ते फक्त बाहेरच्या खोक्यावर असतं, खोकं फेकलं की विषय संपला. आणि मुळात ब्रेल वाचता यायला पाहिजे ना, म्हातारपणी काचबिंदूने नजर गेलेला माणूस ते कधी शिकणार, त्यात डायबेटिसमुळे बोटं बधिर झाली असतील तर ते बारीक ठिपके लागतच नाहीत. त्रिकोण एकदा सांगितला की लक्षात राहतो.

म्हणून माझं मत, केमिकलला त्रिकोण आणि औषधाला ब्रेल. अर्थात आपल्याकडे फिनाईल जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवतात तिथे दोन्ही फुकट, निदान त्या बाटलीच्या गळ्याला जाड रबरबँड तरी गुंडाळा.