लॅपटॉप बदलला नाही, दुसरी रॅम टाकली

मी मानवतला एका जिनिंगमध्ये हिशोब बघते. लॅपटॉप घेतला तो टॅलीसाठी. इंटेलचा कोअर आय ५, ११३५जी७ प्रोसेसर, आठ जीबी रॅम (चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी), चित्र रंगवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दिवाळीनंतर सीझन लागला की गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि वजनपावत्या रात्री नऊपर्यंत चालतात. घरी आल्यावर जेवण झालं की तासभर मी ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ खेळते. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या मोजायच्या आणि रात्री आपली एक चालवायची, हे मला मनापासून आवडतं.

हायवेवर ठीक चालायचं. शहरात शिरलं की फ्रेम, म्हणजे पडद्यावर सेकंदाला बदलणारी चित्रं, २२-२३ वर यायच्या. स्टिअरिंग आधी फिरायचं, ट्रक मागून वळायचा, तोवर ट्रेलर कठड्याला घासलेला असायचा. धाकटा भाऊ लातूरला क्लासला आहे. तो सुट्टीत येऊन व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम लावायचा आणि दर पाच मिनिटांनी म्हणायचा, “ताई, मधीच अडकायलंय गं.”

एका दुकानात विचारलं तर लॅपटॉप उघडूनसुद्धा न पाहता सांगितलं, हा ऑफिसच्या कामाचा आहे, गेमसाठी साठ हजारांचा नवीन घ्या. मग गेम वेगवान करून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. जाहिरातींशिवाय त्यातून काहीही मिळालं नाही, उलट तेच मागे चालू राहून रॅम खात होतं. असलं काही टाकू नका.

२०२४ च्या एप्रिलमध्ये परभणीला स्टेशन रोडवरच्या एका छोट्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. त्या दादांनी आधी टास्क मॅनेजर (लॅपटॉपमध्ये काय किती वापरात आहे ते दाखवणारी खिडकी) उघडला, मेमरीवर क्लिक केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. रॅमची पट्टी बसवायच्या दोन स्लॉटपैकी एकच भरलेला होता. “ताई, एका पायावर पळायलंय हे. दुसरा पाय द्या त्याला.”

सगळं काम माझ्यासमोर केलं. मागचे स्क्रू काढून ते कागदावर ज्या जागेचे त्या जागी मांडून ठेवले, सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवली. पंख्याच्या जाळीपाशी चिमटा घातला तर कापूसच कापूस. दोन-चार फुलवाती वळता येतील एवढा निघाला. जिनिंगच्या ऑफिसात दोन सीझन चालवलेला लॅपटॉप, दुसरं काय निघणार? साफ करून झाल्यावर त्यांनी लगेच रॅम बसवली नाही. जुन्यावरच गेम लावायला सांगितला. पंख्याचा आवाज निम्म्यावर आला होता, पण फ्रेम दोन-तीनच वाढल्या. म्हणजे दुखणं निव्वळ धुळीचं नव्हतं. मग क्रूशियलची आठ जीबीची डीडीआर४-३२०० पट्टी काढली, खाच जुळवून तिरकी घातली आणि खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्कन बसल्या.

असल्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. एका पट्टीला ६४ बिटांचा रस्ता, दोन पट्ट्यांना १२८. ३२०० च्या वेगाला एकीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी जातात, दोघींतून ५१.२. आमच्या गेटवर दुसरा काटा सुरू केला की गाड्यांची रांग तुटते, अगदी तसंच. आणि एक गोष्ट मला तिथेच कळली. लॅपटॉपवर आयरिस एक्सई या इंटेलच्या जास्त ताकदीच्या ग्राफिक्सचा स्टिकर असूनही आत नाव दिसायचं नुसतं यूएचडी ग्राफिक्स. मला वाटलं होतं फसवलं. पण दोन्ही चॅनेल, म्हणजे मेमरीचे दोन्ही रस्ते, भरल्याशिवाय इंटेल ते नाव देतच नाही. नवी पट्टी बसवून मशीन चालू केलं तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये आयरिस एक्सई असं आलं, ते बघून मला खरंच भरून आलं. ग्राफिक्सला वापरता येणारी शेअर्ड मेमरीही चार जीबीच्या आसपास होती ती आठच्या जवळ गेली.

शहरातले २२-२३ फ्रेम आता ३७-३८ झाले. त्यात रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १६००×९०० केलं की ४५ च्या वर. पहिल्यात पडद्यावर २०.७ लाख ठिपके रंगवावे लागतात, दुसऱ्यात १४.४ लाख. चित्र किंचित मऊ दिसतं, पण मला तरी ट्रक वेळेवर वळलेला जास्त मोलाचा. भावाचं व्हॅलोरंट कमी सेटिंगवर सत्तरच्या आसपास होतं, ते एकशे दहाला गेलं. इंटेलच्या साइटवरून ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला त्यानंतर गेम सुरू होतानाचा झटकाही गेला.

त्यानंतर वर्षभर वापरलं. रॅमने एकदाही त्रास दिला नाही. उन्हाचं मात्र काही करता येत नाही. मे महिन्यात पारा ४२ वर असताना दुपारी खेळलं की अर्ध्या-पाऊण तासात प्रोसेसर तापून वेग कमी करतो आणि फ्रेम तिशीत येतात. मी मागच्या बाजूला दोन वह्या ठेवून लॅपटॉप उचलते आणि रात्रीच खेळते. लाइट गेली आणि बॅटरीवर आलं तरी वेग पडतो. आणि ही रॅम टाकून अलीकडचे मोठे, जड गेम पळतील अशी आशा धरू नका.

तेव्हा पट्टीचे १,७५० आणि साफसफाई-बसवणीचे ४०० रुपये दिले. रॅमचे भाव सारखे खालीवर होतात, म्हणून आधी फोनवर विचारून जा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग मारून लावलेली असते आणि मोकळा स्लॉटच नसतो. तेवढं निघण्याआधी मॉडेलवरून बघून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं वाया जाईल. दुकानाबद्दल एकच तक्रार: बिल हातानं लिहून देतात आणि त्यावर पट्टीचा सीरियल नंबर मला मागून लिहून घ्यावा लागला. वॉरंटीसाठी तो लागतो. सकाळी अकराच्या आत गेलात तर गर्दी नसते, चार्जर सोबत न्या आणि आपला गेम आधीच टाकून ठेवा, ते तिथेच चालवून दाखवतात.