कांडप मशीन विकायचं, तर सेमिनार फोनवर, झूमवर की हॉलमध्ये?

माझा धंदा घरघंट्या आणि मसाला कांडप मशीन विकण्याचा. पाऊण तास घरगुती मसाल्याचा उद्योग कसा उभा करायचा ते सांगायचं आणि शेवटी मशीनची किंमत सांगायची. हॉल, झूम आणि फोन, तिन्ही करून झाले. तुम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी भागात असलं काही सुरू करणार असाल, तर आधी एवढं बघा.

हॉलशी कशाचीच बरोबरी नाही, हे पहिल्यांदा मान्य करतो. बेळगावच्या शहापुरातल्या एका कार्यक्रमात पाव किलो संकेश्वरी मिरची समोरच दळली. दोन मिनिटांत सगळ्यांनी नाकाला पदर लावले, आणि त्या ठसक्यातच एकीनं विचारलं, "हप्त्यावर मिळेल का?" फोनवर हे कुठून येणार? पण भाडं, चहा-नाश्ता, बॅनर मिळून 4,000 रुपये धरा आणि बायका आल्या 25. माणशी 160 रुपये तिथंच गेले. शिवाय कणकुंबी-जांबोटीकडची बाई दुपारी बेळगावला येऊन संध्याकाळच्या आत घरी कशी पोचणार? ती येतच नाही, आणि नेमकी तिलाच मशीनची गरज असते.

झूमवर मशीन चालताना दिसतं, खर्चही नाही. फुकट खात्यावर 100 जण बसतात, पण 40 मिनिटांनी मीटिंग बंद पडते. किंमत सांगायची वेळ बरोबर तेव्हाच येते, हे मी स्वतः भोगलंय. गूगल मीटवर तीच मुदत तासाची आहे, म्हणून मीट बरं. अडचण रेंजची. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्टीत लाइट गेली की चित्र थिजतं आणि आवाज तुटक येतो. घरात स्मार्टफोन एकच, तोही मुलाकडे, ही गोष्ट वेगळीच.

फोनवरच्या सेमिनारला मी सुरुवातीला हसलो होतो. आता माझा निम्म्याहून जास्त धंदा त्यावर आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलवर 32 जणांपर्यंत येतात, पैसे लागत नाहीत, पण नेट लागतं. शिवाय ग्रुप केला की सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी बायकांना भलतेसलते मेसेज टाकतो. कॉन्फरन्स कॉलची विकत सेवा घेतली तर साध्या बटणाच्या फोनवरूनही येता येतं, आणि सगळ्यांचा आवाज एका कळीनं बंद करता येतो. पहिल्या कॉलला मी ती कळ दाबायलाच विसरलो. तिघींचे कुकर, एकीची सासू आणि कुठली तरी आरती, सगळं मिळून माझा आवाज बुडाला. माणशी मिनिटाला 1 रुपया धरला तर 30 जणी, 45 मिनिटं, म्हणजे 1,350 रुपये. माणशी 45 पडले. हॉलमध्ये दोन मशीन विकली गेली तर प्रत्येकामागे 2,000 खर्च. फोनवर एकच गेलं तरी 1,350 वर भागतं.

पण मशीन फोनवर दिसत नाही, म्हणून कॉलवर मशीन विकायचंच नाही. कॉलवर ब्याडगीनं रंग येतो आणि संकेश्वरीनं तिखट, मिश्रण किती ठेवायचं, किलोमागे सुटतं किती हे सांगायचं. 2020 साली आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांचं अनुदान कर्जाला जोडून ठेवलं होतं, हे सांगितलं की बायका वही उघडतात. आता काय चालू आहे ते बँकेत विचारून या, एवढंच सांगायचं. हमी द्यायची नाही. कॉल संपल्यावर मशीनचा व्हिडिओ प्रत्येकीला वेगळा पाठवायचा, आणि दुसऱ्या दिवशी एकेकीला फोन. विक्री तिथे होते.

50 रुपये फी यूपीआयवर घ्या आणि मशीन घेतल्यास वळती करा. फुकटात नाव लिहिणाऱ्या निम्म्या येत नाहीत, 50 देणारी कॉल चुकवत नाही. नंबरांच्या याद्या विकत घेऊन फोन लावत सुटू नका. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांच्या 2018 च्या नियमांत ते बसत नाही, आणि 1909 वर तक्रार गेली तर नंबर बंद पडू शकतो.

भाषेचं एक. हॉलमध्ये कन्नड-मराठी सरमिसळ खपून जाते, समोरचा चेहरा बघून आपण भाषा बदलतो. कॉलवर चेहराच नाही. चिकोडीकडचे बरेच जण दोन्ही समजतात, पण एकाच कॉलवर तेच दोनदा सांगत बसलात तर 45 मिनिटांचं दीड तास होतं. मी मंगळवारी मराठी, गुरुवारी कन्नड ठेवतो. कन्नडसाठी मित्राची बायको बोलते, माझं कन्नड बाजारापुरतंच.

वेळ दुपारी 3. सात ते नऊ मालिका, तेव्हा कुणी उचलत नाही. आणि कॉल जानेवारी-फेब्रुवारीतच घ्या. घरोघरचे मसाले उन्हाळ्यात होतात. एप्रिलमध्ये मशीन दाखवायला गेलात तर तिनं शेजारच्या गिरणीतून दहा किलो कधीच दळून आणलेलं असतं. हॉल मी वर्षातून एकदाच घेतो, फेब्रुवारीच्या शेवटी, कॉलवर आलेल्यांपैकी ज्यांनी दोनदा फोन करून किंमत विचारली त्यांच्यापुरता. मिरची तेव्हा अर्धा किलो नेतो.