न आलेल्या रुग्णांची यादी : दवाखान्यातील संगणकीय नोंदींचा काही महिन्यांचा अनुभव

उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी आमच्या छोट्या दवाखान्यात ओपनएमआरएसवर आधारलेली संगणकीय नोंदप्रणाली सुरू होऊन आता बरेच महिने झाले आहेत. हे मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारे, सॉफ्टवेअर २००४ साली आफ्रिकेतील एचआयव्ही रुग्णांच्या उपचारांच्या गरजेतून आकाराला आले. आयुष्यभर औषधे आणि ठरलेल्या तारखेला तपासणी ही त्या आजाराची गरज रक्तदाब व मधुमेहालाही तशीच लागू पडत असल्याने ते आमच्या कामाला सहज जुळले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती न आलेल्या रुग्णांची यादी. कागदी रजिस्टरमध्ये आलेल्या माणसाची नोंद होते. न आलेला माणूस त्यात कुठेच दिसत नाही. आता नेमलेली तारीख उलटून गेलेल्यांची नावे, फोन क्रमांक आणि शेवटच्या वेळचा रक्तदाब रोज सकाळी परिचारिकेसमोर येतो, आणि ज्यांचा रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक होता त्यांना ती आधी फोन करते. कोणी बरे वाटते म्हणून गोळ्या बंद केलेल्या असतात, कोणाला रोजंदारी बुडवून येणे परवडत नाही. ही कारणेही नोंदवली जातात, आणि रोजंदारी बुडण्याच्या कारणासाठी आम्ही स्थिर रुग्णांना एकदम अधिक दिवसांची औषधे देऊ लागलो.

डॉक्टरांच्या बाजूनेही फरक पडला. एका रुग्णाचे लागोपाठचे रक्तदाब पडद्यावर एकाखाली एक दिसले : १५८/९६, १६२/९८, १५६/९४, आणि प्रत्येक वेळी औषध तेच, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. केसपेपरवर हे आकडे वेगवेगळ्या पानांवर असत आणि खाली ‘औषधे तीच’ एवढाच शेरा. गोळ्या नियमित घेतल्या जात आहेत याची खात्री करून मात्रा वाढवण्याचा निर्णय त्याच भेटीत झाला.

तक्रारी आहेत, आणि त्या बहुतेक नोंद कोण, कधी करतो याच्याशी निगडित आहेत. सुरुवातीला केसपेपर संध्याकाळी एकत्र करून संगणकात भरले जात. रुग्ण घरी गेल्यावर भरलेल्या माहितीचा त्याच्या उपचाराला काहीच उपयोग होत नाही, काम मात्र दुप्पट होते. रक्तदाब मोजणाऱ्या टेबलावरच नोंद करायची असे ठरल्यावर आणि लांबलचक फॉर्म रक्तदाब, साखर, औषधे व पुढची तारीख एवढ्यावर आणल्यावरच गाडी रुळावर आली. वीज किंवा नेटवर्क गेल्यास नोंद उपकरणातच साठून नंतर आपोआप पुढे जाणे ही सोय नसेल, तर अशा ठिकाणी कोणतीही प्रणाली घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुबार नोंदणी अजून पूर्ण आटोक्यात आलेली नाही. नावाचे स्पेलिंग जरा बदलले की एकाच माणसाची दोन खाती होतात. उपचारांचा इतिहास अर्धा-अर्धा विभागला जातो आणि नियमित येणाऱ्या रुग्णालाही ‘आला नाहीत’ म्हणून फोन जातो. क्यूआर कोड असलेले कार्ड दिल्यापासून हा त्रास कमी झाला आहे.

अहवालाबाबत एक आग्रहाची सूचना. शेवटच्या भेटीत रक्तदाब १४०/९० च्या खाली, म्हणजे आटोक्यात, असलेल्यांचे प्रमाण काढताना केवळ आलेल्यांना मोजले, तर टक्केवारी छान दिसते; उपचाराखाली नोंदलेले सर्व जण, न आलेल्यांसह, मोजले की खरी स्थिती कळते. शून्यावर संपणारे आकडे वारंवार दिसू लागले, तर रक्तदाब अंदाजाने लिहिला जात आहे का, हेही तपासावे.

मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाची माहिती मात्र अजून कागदावरच परत येते. तिथली प्रणाली आमच्याशी जोडलेली नाही; डिस्चार्ज कार्डावरील औषधे आम्ही हाताने भरतो, आणि इन्सुलिनसारख्या औषधाच्या मात्रा दोघांनी वाचून पडताळतो. म्हणूनच रुग्णाकडचे छोटे कागदी कार्ड आम्ही बंद केलेले नाही. प्रत्येक भेटीत औषधे आणि पुढची तारीख त्यावरही लिहून देतो.