थिसिस छापून देणारी दुकानं: बाइंडिंगला पैकीच्या पैकी, ‘पॅकेज’ला दुरून नमस्कार

संभाजीनगर असो की नांदेड, विद्यापीठाच्या वाटेवर ‘थिसिस टायपिंग, प्रिंटिंग, बाइंडिंग’ अशी पाटी दिसतेच. आत गेलं की दुकानदार बाइंडिंगवर थांबत नाही. सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा सारांश, प्लेजिअरिझम म्हणजे वाङ्मयचौर्याची तपासणी, जर्नलमध्ये छापायचा पेपर, सॉफ्ट कॉपी, सगळं एका पॅकेजात मिळतं. फिजिक्समध्ये पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याने यातलं काय घ्यावं आणि काय घेऊ नये, एवढ्यापुरता हा रिव्ह्यू.

आधी चांगलं. बाइंडिंगचं काम या दुकानांना खरोखर येतं. शिवण पक्की, रेक्झिन ताणून बसवलेलं, सोनेरी अक्षरं सरळ ओळीत. शंभर जीएसएमच्या (चौरस मीटरला शंभर ग्रॅम वजनाच्या) बाँड पेपरवर एका बाजूने छापलेली १८० पानं साधारण दोन सेंटिमीटर जाडीची होतात. एवढा गठ्ठा बाइंडिंगमध्ये डावीकडची बरीच जागा खातो, म्हणून डावा समास दीड इंच ठेवा. एक इंच ठेवलात तर तक्त्याचा पहिला रकाना शिवणीत जातो. डिंक वाळायला प्रेसखाली एक रात्र तरी लागते, पावसाळ्यात जास्तच. ‘संध्याकाळी देतो’ म्हणणाऱ्याकडून घेतलेली प्रत दोन दिवसांत पुठ्ठ्याला बाक देते. चूक कारागिराची नसते, घाई गिऱ्हाइकाची असते.

कव्हरवर मात्र फिजिक्सवाल्यांची हमखास अडचण होते. सोनेरी छपाईच्या खिळ्यांत (अक्षरांच्या ठशांत) खाली उतरवलेला आकडा बहुतेक ठिकाणी नसतोच. त्यामुळे कोबाल्ट फेराइटच्या सूत्रातले २ आणि ४ अक्षरांच्याच उंचीचे छापले जातात. कव्हरवरचं शीर्षक नोंदणीच्या पत्रातल्या शीर्षकाशी अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं, आणि ते बदलायचं तर समितीची मंजुरी लागते. यावर उपाय दुकानात नाही, पहिल्याच वर्षी आहे: शीर्षक नोंदवताना सूत्र टाळून पदार्थाचं नाव शब्दांत लिहा.

टायपिंग अजिबात देऊ नका. ऑपरेटरचा वेग उत्तम असतो, पण त्याच्यासाठी घातांक म्हणजे नुसता एक आकडा. १० चा सहावा घात ‘१०६’ होतो, अँगस्ट्रॉमवरचा गोल उडतो, बीटाच्या जागी रिकामा चौकोन येतो. स्वतः टाइप केलेली वर्डची फाइल दिली तरी दुकानातल्या जुन्या व्हर्जनमध्ये समीकरणं सरकतात. फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफच द्या आणि छापण्याआधी समीकरणांची दोन पानं दुकानातच काढून पाहा. आकडेमोडीतली चूक तर दुकानदार पकडणारच नाही. एक्स-रे आलेखातल्या शिखराच्या रुंदीवरून स्फटिककणाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रात बीटा, म्हणजे ती रुंदी, रेडियनमध्ये लागतो. कॉपर के-अल्फा एक्स-रे, टू-थीटा म्हणजे शिखराचा कोन ३५.५ अंश आणि बीटा ०.४ अंश धरला, तर क्रिस्टलाइट (स्फटिककण) सुमारे २१ नॅनोमीटरचा येतो. तोच बीटा अंशातच ठेवला तर उत्तर ०.३६ नॅनोमीटर, म्हणजे फेराइटच्या एका युनिट सेलच्याही (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ घटकाच्याही) निम्म्याहून कमी. परीक्षकाची नजर आधी अशाच तक्त्यावर जाते.

ग्राफ ओरिजिन या आलेखाच्या सॉफ्टवेअरमधून थेट वर्डमध्ये चिकटवलेले असतील तर इमेज म्हणून ६०० डीपीआयला एक्स्पोर्ट करून घ्या, नाहीतर दुसऱ्या मशीनवर रिकामी चौकट दिसण्याची शक्यता असते. कृष्णधवल प्रतीत लाल आणि निळी रेघ सारखीच दिसते. एक तुटक करा किंवा बिंदूंचे आकार बदला. रंगीत पानं वेगळ्या मशीनवर छापून हाताने गठ्ठ्यात घालतात, आणि अदलाबदल नेमकी तिथेच होते. रंगीत पानांचे क्रमांक कागदावर लिहून द्या आणि बाइंडिंगला जाण्याआधी प्रत्येक प्रत उलटून पाहा.

आता पॅकेजातला सगळ्यात वाईट भाग, ‘प्लेजिअरिझम कमी करून देतो’. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दुसऱ्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० असेल तर सुधारित प्रबंध द्यायला वर्षभर बंदी आणि ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, ऋणनिर्देश, प्रमाणित चिन्हं, प्रमाणित समीकरणं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं साम्य यातून वगळायचं असतं. म्हणजे ब्रॅगच्या नियमासारखं प्रमाणित समीकरण लिहिलं म्हणून टक्का वाढला, ही भीती नको. दुकानातलं सॉफ्टवेअर शब्द बदलून टक्का खाली आणतं, पण ‘सिग्नल टु नॉइज’ या ठरलेल्या संज्ञेचं ‘फ्लॅग टु कमोशन’ करून ठेवतं. दुसरा धोका याहून मोठा. दुकानदाराने चाचणी करताना फाइल सॉफ्टवेअरच्या साठ्यात जमा होऊ दिली, तर पुढे अधिकृत तपासणीत तुमचाच प्रबंध तुमच्याच फाइलशी जुळतो आणि टक्का नव्वदीत जातो. चाचणी विद्यापीठाच्या ग्रंथालयातच करा. ग्राह्यही तिथलाच रिपोर्ट असतो, दुकानातल्या प्रिंटआउटला किंमत नाही.

‘महिन्यात दोन पेपर’ ही तर निव्वळ लूट. २०२२च्या यूजीसी नियमावलीने प्रबंधाआधी पेपर छापण्याची देशभराची सक्ती काढली. विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, म्हणून आपल्या अध्यादेशात बघा. काही पाट्यांवर अजून ‘यूजीसी-केअर लिस्टेड’ लिहिलेलं असतं. मान्य जर्नल्सची ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद झाली.

पीएचडीच्या बाकी अटींशी दुकानाचा संबंध नाही, तरी काउंटरवर त्यावर सल्ले मिळतात म्हणून दोन शब्द. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं आणि त्यात किमान ५५ टक्के. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची, प्रबंधाआधी सादरीकरण करायचं. कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं मिळतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. ‘तारीख मागची टाकून देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ बाहेर पडा.

सॉफ्ट कॉपीचं काम घ्यायला हरकत नाही, पण सांगून घ्या. पदवी जाहीर होण्याआधी विद्यापीठ प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडे पाठवतं. तिथे मुखपृष्ठ, प्रमाणपत्र आणि एकेक प्रकरण यांच्या वेगळ्या पीडीएफ लागतात. दुकानं सह्या झालेली अख्खी प्रत स्कॅन करून देतात. त्याने फाइल अवजड होते आणि त्यातला शब्द शोधता येत नाही. सह्यांची पानं तेवढी स्कॅन करा, प्रकरणं मूळ फाइलमधूनच काढा.

दर ठरवताना कृष्णधवल पान, रंगीत पान, बाइंडिंग आणि सोनेरी अक्षरं यांचा भाव वेगवेगळा विचारा. एकरकमी आकड्यात रंगीत पानं बहुधा धरलेली नसतात. प्रती किती लागतात ते विभागाच्या कार्यालयातून लेखी घ्या. सगळ्या एकाच वेळी करा, कारण नंतरच्या एका प्रतीला रेक्झिनचा तोच रंग मिळेलच असं नाही. आणि पेनड्राइव्ह त्यांच्या मशीनला लावाल तर त्यात थिसिसची एकुलती एक फाइल ठेवू नका. व्हायरस तिथे फुकट मिळतो.