जेलमधल्या माणसासाठी सरकारी मोफत वकील: चार तारे

फुकटचा वकील म्हणजे नावाला उभा राहणारा, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. माझा अनुभव तसा नाही.

धाकटा भाऊ जन्मठेप भोगतोय. त्याच्या फर्लोचा, म्हणजे शिक्षा भोगत असताना काही दिवस घरी जायला मिळणाऱ्या संचित रजेचा अर्ज फेटाळला. कारण एका ओळीचं: 'रजेवर सोडल्यास गावात शांतताभंग होण्याची शक्यता.' सरपंचांनी हरकत नसल्याचं लेखी दिलं होतं, त्याचा उल्लेखच नाही. हायकोर्टात जायचे एका वकिलांनी चाळीस हजार सांगितले. माझं शिवणकामावर घर चालतं. मुलाकातीला गेले तेव्हा भावानेच सांगितलं, विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी ऑफिसात विचार.

जिल्हा कोर्टाच्या आवारात ऑफिस आहे. मी उत्पन्नाचा दाखला काढायला निघाले होते, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "ताई, नका पळू. कैद्याला कलम १२ खाली वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत." हा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा आहे, आणि आम्हाला तो आत्ता कळतोय!

वकीलपत्रावर सही भावाचीच लागते, ती जेलमधून येईपर्यंत धीर धरा. हायकोर्टासाठी मिळालेल्या मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलं: फर्लो हक्क म्हणून मागता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्येही तेच म्हटलंय. पण फर्लो-पॅरोलच्या १९५९ च्या नियमांत बसणाऱ्याला नाकारायचं तर कारणाला काही आधार हवा, नुसती 'शक्यता' पुरत नाही. शिवाय फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे, म्हणजे घरच्या अडचणीसाठी मिळणाऱ्या रजेचे, धरत नाहीत. आम्ही इतकी वर्षं दोन्ही एकच समजत होतो.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे तिथेच बसणारं खंडपीठ झाल्याने मुंबईची फेरी वाचली. नकाराचा आदेश रद्द झाला, अर्जावर नव्याने निर्णय घ्या म्हणून सांगितलंय. म्हणजे रजा अजून हातात नाही.

एक तारा कापला तो फोनसाठी. मॅडम हुशार, पण उचलतील तर शपथ. तारीख मला आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळली. आणि फी देत नसलो की जाब विचारायलाही जीभ अडखळते, हे वेगळंच.

जाणार असाल तर नकाराच्या आदेशाची प्रत आधी मिळवा, तोंडी 'नाही म्हणाले' यावर काही होत नाही. ऑफिस लांब असेल तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. आणि रजेसाठी जामीनदार म्हणून ज्याचं नाव द्याल, त्याला पोलीस घरी चौकशीला येतील हे आधी सांगून ठेवा. आमचे दाजी ऐनवेळी कचरले होते.