गिगाबिट लाइनवर डेबियनचा राउटर : काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिसातला तयार राउटर काढून जुन्या, बिनपंख्याच्या मिनी पीसीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि एनएफटेबल्स (लिनक्सची फायरवॉल) चढवले, त्याला आता बरेच महिने झाले. इंटेल आय२१० या नेटवर्क कार्डाचे तीन पोर्ट, चार कोअर, वेग जेमतेम १ गिगाहर्ट्झ. लाइन साधी स्टॅटिक आयपीची. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणारी, पॅकेटावर आणखी एक वेष्टण चढवणारी लाइन) असती तर आय२१० ला वेष्टणाच्या आतले पत्ते वाचून काम कोअरांत वाटता येत नाही आणि डाउनलोडचं सगळं ओझं एकाच कोअरवर पडतं, हे आधीच बघून घ्या.

मोठ्या फाइली उतरवताना तक्रार नाही. पण त्यावर भुलू नका. १,५०० बाइटच्या पॅकेटांनी गिगाबिट भरायला सेकंदाला ८१ हजारच्या आसपास पॅकेट लागतात, ६४ बाइटच्या फ्रेमने मात्र १४.८८ लाख. या दुसऱ्या आकड्याच्या आसपासही हे यंत्र फिरकत नाही. छोट्या यूडीपी पॅकेटांचा मारा केला की लगेच कळतं.

चेकसम ऑफलोड (पॅकेट बिघडलं का ते पडताळणाऱ्या बेरजेचं, म्हणजे चेकसमचं, काम सीपीयूऐवजी कार्डाने करणं) बंद करा, हा सल्ला कोणीही देतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये बीएसडीची फायरवॉल चालवणाऱ्यांना तो बऱ्याचदा लागू पडतो. इथे मात्र उलटं. ईथटूल या कमांडने कार्डाची येणाऱ्या पॅकेटांची चेकसम-तपासणी मुद्दाम बंद करून पाहिली, तर परफ टॉपमध्ये (सीपीयू कशात खर्च होतो ते दाखवणारी यादी) सीसम_पार्शल हे चेकसम काढणारं कर्नलचं फंक्शन झपाट्याने वर आलं. खरं तर नुसत्या फॉरवर्डिंगला पेलोड (पॅकेटातला खरा डेटा) वाचायची गरजच नसते. आयपीव्ही४ मध्ये टीटीएल (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) एकने घटतो आणि हेडरचा चेकसम तेवढ्यापुरता दुरुस्त होतो (१९९४ च्या आरएफसी १६२४ मध्ये ही रीत आहे), आयपीव्ही६ च्या हेडरला तर चेकसमच नाही. पेलोड वाचायला लावतात ते दोघे वेगळेच: जीआरओ (येणारी छोटी पॅकेटं जोडून मोठं करणारी कर्नलची सोय) पॅकेटं जोडण्याआधी टीसीपीचा चेकसम तपासतो आणि कॉनट्रॅकही (चालू जोडण्यांची नोंद ठेवणारा कर्नलचा भाग) तपासतो. कार्डाने आधीच ‘ठीक आहे’ म्हटलं असेल तर दोघंही पेलोडला हात लावत नाहीत. कॉनट्रॅकची तपासणी सिसकंट्रोलमधून (कर्नलच्या सेटिंगमधून) बंद करता येते, पण कार्ड काम करत असताना फरक जाणवला नाही, म्हणून परत चालू केली. बिघडलेलं पॅकेट अवैध ठरलेलं बरं.

टीसीपीडम्पमध्ये (पॅकेटं टिपून दाखवणारं साधन) राउटरच्या स्वतःच्या जाणाऱ्या पॅकेटांवर ‘चेकसम चुकीचा’ दिसतो. ऑफिसात नवा आलेला प्रत्येकजण त्यावर एकदा तरी धावत येतो. कार्ड तो नंतर भरतं, बाकी काही नाही.

सगळ्यात जास्त फायदा एनएफटेबल्समधल्या फ्लोटेबलने दिला. कर्नल ४.१६ पासून ही सोय आहे: जोडणी एकदा पक्की झाली की पुढची पॅकेटं फॉरवर्ड चेनला (पुढे पाठवायच्या पॅकेटांवरच्या फायरवॉलच्या नियमांना) वळसा घालून थेट निघतात. सीपीयू लक्षणीय हलका झाला. किंमत अशी, की फॉरवर्ड चेनमधले माझे कोणी किती डेटा ओढला ते मोजणारे काउंटर जागच्या जागी थिजले. ते काम दुसरीकडे हलवावं लागलं.

केक (लाइन भरली तरी उशीर वाढू नये म्हणून पॅकेटांची रांग आणि वेग सांभाळणारी लिनक्सची सोय) मात्र या यंत्राला गिगाबिटवर झेपत नाही. त्याची शेपिंग (वेग मर्यादेत ठेवणं) एकाच कोअरवर चालते आणि तो कोअर आधी भरतो. व्हिडिओ कॉल अडखळू नयेत म्हणून केक हवाच असेल आणि लाइन पूर्ण गिगाबिट वापरायची असेल, तर जास्त गिगाहर्ट्झचं यंत्र घ्या.